‘७/१२’ नावाची फाइल

महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या घरी, पत्र्याच्या पेटीत तळाशी, जो कागद सर्वांत जपून ठेवलेला असतो त्याचे नाव सातबारा. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचे ते एकत्रित रूप. लिहिताना आपण ‘७/१२’ असे लिहितो. या कागदाची प्रत संगणकात साठवून तिला तिचेच नाव द्यावे, असे कोणी मनात आणले तर संगणक ते मान्य करीत नाही. विंडोज स्पष्ट सांगते की हे चिन्ह नावात चालणार नाही. लिनक्समध्ये ‘७/१२’ याचा अर्थच निराळा लागतो : ‘७’ नावाच्या फोल्डरातली ‘१२’ नावाची फाइल. मग आपण ‘७-१२’ किंवा अक्षरी ‘सातबारा’ असे काहीतरी लिहून वेळ मारून नेतो. अडचण किरकोळ खरी, पण तिच्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासाकडे तंत्रज्ञांची बाब म्हणून दुर्लक्ष करू नये असे मला वाटते, कारण आपल्या संहिता आणि आपली दप्तरे आता याच नावांच्या आधाराने उभी आहेत.

धारूरचे उदाहरण घेऊ. बालाघाटाच्या रांगेतले, बीड जिल्ह्यातले हे गाव. तिथे पाठवायच्या पाकिटावर आपण लिहितो : मु. पो. धारूर, ता. धारूर, जि. बीड. हा क्रम लहानाकडून मोठ्याकडे जातो. जुने महसुली कागदही साधारण याच क्रमाने चालत : मौजे, परगणा, सरकार, सुभा. संगणकात फाइलचा जो पत्ता असतो, ज्याला पाथ म्हणतात, तो नेमका उलट चालतो : आधी जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, आणि सर्वांत शेवटी तो कागद. (गंमत अशी की इंटरनेटवरच्या पत्त्यात हे दोन्ही क्रम एकत्र नांदतात. संकेतस्थळाचे नाव आपल्या पाकिटासारखे लहानाकडून मोठ्याकडे जाते. त्यापुढचा भाग मोठ्याकडून लहानाकडे येतो. टिम बर्नर्स-ली याने तो पुढचा भाग युनिक्सच्या पाथवरून घेतला.) क्रम कोणताही असो, पत्त्यावरून एक गोष्ट कळते : वस्तू कोणाच्या ताब्यात आहे. ती वस्तू काय आहे हे त्यावरून कळत नाही.

धारूरचा किल्ला १५६७ साली विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान याने बांधला. लवकरच तो अहमदनगरच्या निजामशाहीकडे गेला, १६३१ साली मोगलांकडे, आणि अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाकडे. मोगल अमदानीत गावाला फतेहाबाद हे नाव मिळाले. औरंगजेबाच्या काळातल्या इथल्या टांकसाळीचे नाव नाण्यांवर ‘फतहाबाद धारूर’ असे जोडून येते. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. त्यानंतरही पत्ता स्थिर झाला नाही. पूर्वी धारूर केज तालुक्यात होते. १९९० च्या दशकात ते स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण झाले. जिल्ह्याच्या नावाचे लेखनही बदलत आले : १९६९ साली निघालेल्या राज्य गॅझेटिअरच्या इंग्रजी खंडावर ‘भीर’ आहे, आपण ‘बीड’ लिहितो. २०२३ साली विभागाचे नाव औरंगाबाद होते ते छत्रपती संभाजीनगर झाले. या सर्व काळात किल्ला जागचा तसूभरही हलला नाही. बदलला तो त्याचा पाथ. १९८० साली ‘ता. केज’ खाली नोंदलेला कागद आज ‘ता. धारूर’ खाली शोधणाऱ्याला सापडणार नाही, आणि कागद मात्र कपाटात धडधाकट असेल.

संगणकाच्या इतिहासात हेच पुन्हा पुन्हा घडले आहे.

फायलींची झाडासारखी रचना, म्हणजे फोल्डरात फोल्डर आणि त्यात फाइल, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिला जन्मतारीख असेल असे वाटत नाही. पण तिची सविस्तर मांडणी १९६५ साली डेली आणि नॉयमन यांच्या एका निबंधात झाली. मल्टिक्स या प्रणालीसाठी ती योजना होती. मल्टिक्समध्ये फोल्डरांच्या नावांमध्ये > हे चिन्ह घालीत, जणू एकातून दुसऱ्यात शिरण्याचा बाणच. वरच्या पायरीवर परतायचे तर < वापरायचे. चिन्ह आणि अर्थ यांची इतकी चांगली जोडी पुढे कोणाला जमली नाही असे माझे मत आहे. १९६९ साली बेल प्रयोगशाळा मल्टिक्समधून बाहेर पडली आणि तिथल्याच केन टॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स घडवली. युनिक्सने झाड ठेवले आणि बाण काढून त्या जागी तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, आणली. > या चिन्हाला युनिक्समध्ये पुढे वेगळेच काम मिळाले : आज्ञेचे उत्तर पडद्याऐवजी फायलीत वळवण्याचे.

धारुरातला किंवा कुठलाही तलाठी जमिनीच्या नोंदीत हीच तिरकी रेघ याच अर्थाने वापरत आला आहे. गट क्रमांक १४५ ची वाटणी झाली की १४५/१ आणि १४५/२ होतात. पुढच्या पिढीत १४५/२/अ. रेघ म्हणजे ‘यातला’. भाऊबंदकीचा अख्खा वंशवृक्ष त्या रेघांत वाचता येतो. कार्यालयातल्या जावक क्रमांकांतही तीच रेघ आहे. आपल्या कारभारात जे नाव आहे तेच युनिक्सच्या दृष्टीने पाथ आहे, आणि म्हणून ते फाइलचे नाव होऊ शकत नाही.

विंडोजच्या घराण्यात ही रेघ उलटी कशी झाली, याची हकिकत बरीच वळणाची आहे. सत्तरच्या दशकात गॅरी किल्डॉलने लहान संगणकांसाठी सीपी/एम ही प्रणाली लिहिली. तिच्यात फोल्डर नव्हतेच. फक्त ‘ए:’, ‘बी:’ अशी तबकड्यांची नावे होती. १९८१ सालच्या पहिल्या डॉसने ती नावे उचलली. फोल्डर तिच्यातही नव्हते. मात्र आज्ञेला पुरवणी सूचना देण्यासाठी तिरकी रेघ वापरण्याची रीत तिच्यात आली, आणि ती रीत डेक कंपनीच्या जुन्या यंत्रांवरून चालत आलेली होती. १९८३ साली आयबीएमच्या नव्या संगणकात दहा मेगाबाइटांची कायमची तबकडी बसवली गेली. एवढ्या जागेत फायली नुसत्या ओळीने मांडणे शक्य नव्हते, म्हणून डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीने युनिक्सकडून झाड घेतले. पण युनिक्सची रेघ घेता येईना, कारण ती जागा आधीच भरलेली होती. मग उलटी रेघ, \, निवडली गेली. नव्या कारभाऱ्याला जुन्या वतनदाराची जागा मोडता आली नाही, तो शेजारी जाऊन बसला. आणखी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते : डॉसच्या गाभ्याला दोन्ही रेघा चालत, विंडोजमध्ये प्रोग्रामांनाही बहुतेक ठिकाणी चालतात. हट्ट होता तो आज्ञा वाचणाऱ्या वरच्या थराचा.

ही उलटी रेघ तरी कुठून आली? १९६१ साली बॉब बेमर याने ती संगणकाच्या वर्णमालेत आणण्याचे सुचवले. अल्गॉल या भाषेत ‘आणि’ व ‘किंवा’ यांची तर्कशास्त्रातली शिखरासारखी आणि दरीसारखी चिन्हे लागत. सरळ आणि उलट्या रेघा शेजारी ठेवून /\ आणि \/ अशी ती सजवता येतील, असा त्याचा विचार. ज्या चिन्हाने आज जगभरातल्या कार्यालयांतली कपाटे वेगळी केली जातात ते तर्काच्या एका खुणेचा अर्धा तुकडा म्हणून जन्मले. जपानने आपल्या सांकेतिक तक्त्यात त्याच क्रमांकावर येनचे चिन्ह बसवले, कोरियाने वॉनचे. त्यामुळे जपानी विंडोजवर पाथ लिहिला की प्रत्येक फोल्डरानंतर पैशांची खूण उमटत राहिली.

मॅकिंटॉशने तिसरीच वाट धरली. १९८५ साली ॲपलने आपल्या फायलींच्या झाडासाठी अपूर्णविराम निवडला. जुन्या मॅकवर ‘७/१२’ हे नाव निर्वेध देता येत असे; अडत असे ते ‘७:१२’, म्हणजे घड्याळातली वेळ. २००१ साली मॅकची प्रणाली युनिक्सच्या पायावर उभारली गेली. खाली तिरक्या रेघेचे राज्य आणि वर अपूर्णविरामाची सवय लागलेली रयत. तोड अशी निघाली की दोन्ही चिन्हांची अदलाबदल करायची. मॅकच्या पडद्यावर आजही एखाद्या फाइलला ‘७/१२’ म्हणता येते. तबकडीवर मात्र तिचे नाव ‘७:१२’ असे असते, आणि युनिक्सच्या खिडकीतून पाहिले तर तेच दिसते. तीच फाइल विंडोजकडे पाठवायची म्हटले तर दोन्ही नावे अडतात, कारण विंडोजला ना स्लॅश चालतो ना अपूर्णविराम.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी या भांडणावर उपाय काढले. १९९६ च्या जावा भाषेत ‘या यंत्रावर जे चिन्ह चालते ते’ असे सांगण्याची सोय होती. पायथनमध्ये पाथ जोडण्यासाठी स्वतंत्र विभाग आहे, आणि २०१४ पासून पाथ ही अक्षरांची माळ न मानता एक स्वतंत्र वस्तू मानण्याची सोयही. शहाणा प्रोग्रामर पूर्ण पाथ कुठेही गोंदवून ठेवत नाही. ‘मी जिथे आहे तिथून एक पायरी वर, मग शेजारच्या फोल्डरात’ असा सापेक्ष पाथ देतो, म्हणजे सगळे कपाट उचलून दुसऱ्या इमारतीत नेले तरी आतली ओळख टिकते. रेघांचा प्रश्न अशा रीतीने बराचसा सुटला. रेघांच्या मधल्या नावांचा सुटला नाही, आणि मराठीचे दुखणे तिथे आहे.

नव्वदच्या दशकात मराठी लेख टंकलिखित करणाऱ्याला फाइलचे नाव रोमन लिपीतच द्यावे लागे, कारण मराठी अक्षरे विशिष्ट फाँटपुरतीच जिवंत होती. डॉसच्या नियमाने नावाला आठ अक्षरे, पुढे प्रकाराची तीन. १९९५ च्या विंडोजने लांब नावांना परवानगी दिली, पण पाठीमागे एक आखूड नावही ठेवले : पहिली सहा अक्षरे, मग ~ आणि एक आकडा. रोमन लिपीत ‘धारूर’ बरोबर सहा अक्षरांत मावते. त्यामुळे ‘धारूरचा किल्ला’, ‘धारूरची टांकसाळ’, ‘धारूरचे कागद’ हे तीन लेख एका फोल्डरात असतील, तर जुन्या यंत्रावर ते धारूर~१, धारूर~२, धारूर~३ होऊन उभे राहत. कोणत्यात किल्ला आणि कोणत्यात टांकसाळ, हे उघडून पाहायचे.

रोमन लिपीतल्या मराठीचा दुसरा घोटाळा अधिक सूक्ष्म होता. आयट्रान्ससारख्या लिप्यंतर पद्धतीत लहान ‘एन’ म्हणजे न आणि मोठा ‘एन’ म्हणजे ण. लहान ‘टी’ म्हणजे त, मोठा ‘टी’ म्हणजे ट. युनिक्स लहान-मोठी अक्षरे वेगळी मानते. विंडोज तो भेद दाखवते, पण पाळत नाही. तेव्हा ‘मन’ आणि ‘मण’ अशा नावांच्या दोन फायली युनिक्सवर सुखाने शेजारी राहत आणि विंडोजवर उतरवताना दुसरी पहिलीला गिळून टाकी. कोशाचे काम करणाऱ्याने ‘जात’ आणि ‘जाट’ या दोन नोंदी अशा साठवल्या असतील तर त्याच्या हाती एकच उरे. देवनागरीत लहान-मोठ्या अक्षरांचा भेदच नाही, तेव्हा युनिकोड आल्यावर ही पीडा टळेल असे वाटले होते.

ती टळली, आणि तिच्या जागी दुसरी आली. तहसील कार्यालयात हमखास सापडणारे एक नाव घ्या : ‘शेतकऱ्यांची यादी’. यातला ‘ऱ्य’ मराठीचा खास. हिंदीला त्याची गरज नाही. युनिकोडमध्ये हा अर्धा र लिहिण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. एक, ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याला हलन्त जोडणे. दोन, साधा र आणि त्याखाली नुक्ता, मग हलन्त. युनिकोडच्या नियमाने ही पहिल्याशी समतुल्य. तीन, साधा र, हलन्त, आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह. ही जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून ठेवलेली. तिन्ही कागदावर सारख्याच उमटतात. १९९८ साली ॲपलने आणलेली फाइलरचना नावातले प्रत्येक जोडअक्षर मोडून ठेवीत असे, म्हणजे पहिल्या रीतीने लिहिलेला ऱ तबकडीवर दुसऱ्या रीतीचा होई. ती फाइल लिनक्सवर नेली की लिनक्स नुसती बाइटे मोजते. तिच्या लेखी पहिले आणि दुसरे ही दोन निराळी नावे. एकाच फोल्डरात ‘शेतकऱ्यांची यादी’ आणि ‘शेतकऱ्यांची यादी’ अशा दोन फायली शेजारी बसलेल्या दिसू शकतात, आणि डोळ्यांना त्यांच्यात काही फरक दिसत नाही. ॲपलने २०१७ पासूनच्या नव्या रचनेत नाव जसे दिले तसे ठेवायला आणि दोन्ही समतुल्य रूपे एकच मानायला सुरुवात केली. तिसऱ्या रीतीची ओळख मात्र याने पटत नाही.

‘ॲ’ची कथा याहून वाईट. या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली. तोवर लोक अ वर चंद्र चढवून काम भागवीत. हे दोन प्रकार युनिकोडच्या लेखी समतुल्यही नाहीत. २००८ पूर्वीच्या कोणत्याही ‘ॲड.’ला आजचा शोध सापडेलच असे नाही.

आणि खुद्द धारूर? मराठीच्या नियमाने उपान्त्य ऊकार दीर्घ, म्हणून धारूर. सामान्यरूप होताच तो ऱ्हस्व, म्हणून धारुरात, धारुरास. मराठी वाचकाला हे एकच गाव आहे हे सांगावे लागत नाही, संगणकाला सांगावे लागते. शिवाय कोणी ‘किल्ले धारूर’ लिहितो, कोणी ‘किल्लेधारूर’. उर्दू कागदात तर स्वरांची खूण आणखी सैल : तिथला वाव हा ऊ, ओ, औ आणि व या सर्वांचे काम करतो, तेव्हा नाव वाचणाऱ्याला गाव आधीच माहीत असावे लागते.

लांबीचीही एक मर्यादा आहे आणि तीही सर्वांना सारखी नाही. लिनक्सच्या नेहमीच्या रचनेत एका नावाला २५५ बाइटे मिळतात. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागते, देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला, मात्रेला आणि हलन्ताला तीन. ‘किल्ले धारूर’ एवढ्यानेच ३४ बाइटे खर्ची पडतात. इंग्रजी लेखकाला २५५ खुणा, मराठी लेखकाला ८५. आपल्या जुन्या ग्रंथनामांचा आणि सरकारी विषय-ओळींचा सोस पाहता ८५ खुणा लवकर संपतात. विंडोजचा हिशेब वेगळा असल्याने तिथे बसलेले लांब मराठी नाव लिनक्सवर उतरवताना नाकारले जाऊ शकते.

ही सर्व चर्चा बारीकसारीक वाटेल, म्हणून ती कुठे बोचते ते सांगतो. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. मराठवाड्यातल्या निजामकालीन दप्तरांत कुणबी नोंदी शोधण्याचे काम तिच्याकडे होते. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, जन्ममृत्यूच्या नोंदवह्या. लिपी कुठे उर्दू, कुठे मोडी, कुठे बाळबोध. सापडलेल्या नोंदींच्या प्रतिमा जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवल्या गेल्या. अशा प्रतिमेवर एखाद्या घरातल्या मुलाचा महाविद्यालयातला प्रवेश अवलंबून असू शकतो. तिचे नाव काय ठेवले, ते कोणत्या फोल्डरात ठेवले, तालुका जुना धरला की नवा, ऱ कोणत्या रीतीने टंकित झाला, यांपैकी कोणत्याही एका पायरीवर माग तुटला तर मूळ पत्रक शाबूत असूनही त्या घराला ते नाहीच. साहित्याच्या हस्तलिखितांचे अंकीकरण चालते तिथेही परिस्थिती हीच, फक्त तिथे दाद मागायला कोणी येत नाही.

आपल्याकडे पूर्वीच्या लोकांनी या प्रश्नाचा विचार केला होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, पण त्यांची एक सवय इथे आठवते. ज्ञानेश्वरीतले स्थळ सांगताना आपण अध्याय आणि ओवी सांगतो, पृष्ठ सांगत नाही. पृष्ठ एका आवृत्तीपुरते खरे. ओवी सांगितली की प्रत कोणाचीही असो, जागा सापडते. (ओव्यांची संख्या प्रतीप्रतींत थोडी निराळी असल्याने पाचदहा ओव्या मागेपुढे पाहावे लागते, पण तेवढेच.) हा सापेक्ष पाथच झाला, आणि तो ग्रंथाच्या आत आहे, कपाटाच्या क्रमांकात नाही.

पोथ्यांची पाने तर सुटीच असत. दोन फळ्यांच्या मध्ये ठेवून वर कापड बांधलेले. बांधणी सुटली, पाने वाऱ्याने उडाली, दोन पोथ्या एकमेकींत मिसळल्या, असे नेहमी होई. म्हणून लेखनिक पानाच्या समासात ग्रंथाच्या नावाची एकदोन आद्याक्षरे आणि पत्रांक लिहून ठेवी, आणि अखेरच्या पुष्पिकेत ग्रंथ कोणता, कोणी, कुठे, कोणत्या शकात लिहिला ते सांगे. संगणकात फाइलच्या पोटातच अशी माहिती नोंदवण्याची सोय बऱ्याच प्रकारांत आहे. ती बहुतेकदा रिकामी असते. माझ्या ओळखीतले एक गृहस्थ गावोगावच्या जुन्या वह्यांची छायाचित्रे घेतात. कॅमेरा त्यांना निरर्थक आकड्यांची नावे देतो आणि गृहस्थ ती नावे बदलण्याच्या भानगडीत पडत नाहीत. प्रत्येक पानाशेजारी ते कागदाची एक अरुंद पट्टी ठेवतात. तिच्यावर पेन्सिलीने गाव, जुना तालुका, नवा तालुका, वहीचे नाव आणि पान क्रमांक लिहिलेला असतो, आणि ती पट्टी छायाचित्रात येते. परवा त्यांनी दाखवलेल्या एका पट्टीवर तिरक्या रेघेसकट ‘७/१२’ लिहिले होते.